शिक्का आणि चावडी

पालेगावात रविवार हा घरे पाहण्याचा वार आहे. अंबरनाथ पूर्वेच्या या गावात गेल्या काही वर्षांत शेतांच्या जागी मजल्यांवर मजले चढत गेले. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोल्यांतून आणि डोंबिवलीच्या भाड्याच्या घरांतून माणसे येतात. सोबत म्हातारे वडील, कडेवर मूल, आणि पूर्वी काखेत कागदांची फाईल असायची. आता फाईल मोबाईलमध्ये असते. विक्री कार्यालयातला मुलगा व्हॉट्सअॅपवर पाच-सहा पीडीएफ धाडतो. सातबारा, बांधकामाची परवानगी, महारेराच्या नोंदणीचे प्रमाणपत्र, वकिलाचा अभिप्राय. ‘सगळं ऑनलाइन आहे काका, क्लिअर आहे,’ असे तो सांगतो. त्यांतल्या एखाद्या कागदाच्या तळाशी एक मोठे पिवळे प्रश्नचिन्ह असते आणि त्यावर इंग्रजीत एक ओळ असते : सही पडताळलेली नाही.

आयुष्यभराची पुंजी ज्या कागदाच्या भरवशावर ठेवायची, तो कागदच स्वतःविषयी शंका व्यक्त करतो, हा अनुभव आपल्याकडे इतका सवयीचा झाला आहे की त्याचे कोणाला काही वाटेनासे झाले आहे. आमच्या इमारतीतल्या एक निवृत्त शिक्षिका अशाच एका सातबाऱ्याची छापील प्रत घेऊन कर्जाच्या कामासाठी एका बँकेत गेल्या. अधिकाऱ्याने प्रश्नचिन्हावर बोट ठेवले. ‘बाई, सही पडताळलेली नाही असं तुमच्याच कागदावर लिहिलंय. तलाठ्याचा गोल शिक्का मारून आणा.’ बाईंनी त्यांना विचारले, की शिक्का दहा मिनिटांत कुठेही बनवून मिळतो आणि ही सही बनवता येत नाही असे सरकार म्हणते, मग तुमचा विश्वास उलटा कसा? अधिकारी हसला. त्याच्याजवळ उत्तर नव्हते. पण प्रश्न मात्र चांगला होता, आणि तो बाईंच्या एकट्याचा नाही.

शिक्क्यावरचा हा विश्वास आपल्या हाडीमाशी खिळलेला आहे. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण एखाद्या निर्णयापुरता वापरतो, पण त्यामागे एक बारीक विचार आहे. शिवकालीन पत्राच्या माथ्यावर शिक्का असे आणि मजकूर संपला की तेथे ‘मर्यादेयं विराजते’ अशा शब्दांची मोर्तब उमटवली जाई. शिक्का सांगे, हे कोणाकडून आले. मोर्तब सांगे, मजकूर इथे संपला, यापुढे कोणी एक अक्षरही वाढवलेले नाही. पत्र कोणाचे, आणि वाटेत कोणी त्यात हात घातला आहे का? संगणकाच्या जाळ्यावर डिजिटल सही नेमकी हीच दोन कामे करते. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या चिटणिसाला ती समजावून सांगायला फार वेळ लागला नसता.

आणि बनावट? तीही जुनीच. आपल्या या ठाणे-अंबरनाथच्या मुलखावर राज्य करणाऱ्या शिलाहारांचे ताम्रपट कडीत ओवलेले असत आणि कडीवर गरुडाची मुद्रा असे. ते कोणी बनवू नये म्हणूनच. सातव्या शतकातल्या सम्राट हर्षाच्या मधुबन येथील ताम्रपटात तर स्पष्ट नोंद आहे, की सोमकुंडका नावाचे गाव एक जण ‘कूटशासना’च्या, म्हणजे खोट्या सनदेच्या आधारे उपभोगत होता; ती सनद मोडून गाव दुसऱ्यांना दिले. संगणकाच्या भाषेत याला प्रमाणपत्र रद्द करणे म्हणतात. आपल्या काळातले उदाहरण द्यायचे तर तेलगीचे. नाशिकच्या सरकारी छापखान्यातून भंगार म्हणून निघालेली यंत्रे हाताशी धरून त्याने मुद्रांक छापले. ते खोटे होते म्हणावे तर यंत्र खरे होते! ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिची गरज पडणार आहे.

आता ही डिजिटल सही असते तरी काय? ती सहीचे चित्र नव्हे. कागदावरच्या सगळ्या मजकुरातून संगणक एक ठसा काढतो. मजकूर सहा ओळींचा असो की सहाशे पानांचा, नेहमीच्या पद्धतीत ठसा चौसष्ट अक्षरांचाच येतो, आणि मजकुरातला एक स्वल्पविराम हलवला तरी तो ओळखू येणार नाही इतका बदलतो. हा ठसा सही करणारा आपल्या गुप्त किल्लीने बंद करतो. या किल्लीला एक जोडीदार किल्ली असते, ती जाहीर असते, कोणालाही मिळते. गुप्त किल्लीने जे बंद झाले ते फक्त तिच्या जोडीदारानेच उघडते. तुम्ही जाहीर किल्ली लावली आणि ठसा उघडला, मजकुराच्या ठशाशी जुळला, की दोन्ही गोष्टी सिद्ध होतात : सही त्या किल्लीच्या मालकाची आहे, आणि मजकूर जसाच्या तसा आहे. डिफी आणि हेलमन या दोघांनी १९७६ मध्ये ही कल्पना जगापुढे मांडली, पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी ती गणितात बसवून दाखवली.

पण मग ही जाहीर किल्ली तलाठ्याचीच आहे, पलीकडच्या झेरॉक्सवाल्याची नाही, हे कोणी सांगायचे? सगळा पेच इथे आहे. डिफी आणि हेलमन यांच्या डोळ्यांपुढे टेलिफोन डिरेक्टरीसारखे काहीतरी होते. एका जागी सगळ्यांच्या किल्ल्या, हवी ती शोधून घ्या. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये शिकणाऱ्या लॉरेन कोनफेल्डर नावाच्या विद्यार्थ्याने पदवीच्या प्रबंधात वेगळी तोड सुचवली. प्रत्येक वेळी डिरेक्टरी कशाला उघडायची? ‘ही किल्ली अमक्याची आहे’ असा दाखलाच लिहून त्यावर विश्वासातल्या एखाद्या संस्थेने सही करावी, आणि ज्याचा त्याने तो खिशात बाळगावा. हेच डिजिटल प्रमाणपत्र. आज बँकेच्या संकेतस्थळावर आपण पैसे भरतो तेव्हा पडद्यामागे पहिल्यांदा हा दाखला तपासला जातो.

आपल्या घरांत मुलीसाठी स्थळ आले की पहिला प्रश्न काय असतो? ‘ओळखीचं कोण आहे?’ मुलगा काय सांगतो ते नंतर. मध्यस्थ कोण, त्या मध्यस्थाला आपण कसे ओळखतो, त्याच्याविषयी साताऱ्याची मावशी काय म्हणते. ओळखीतून ओळख अशी साखळी मागे मागे जाते आणि ज्याच्या शब्दावर आपण डोळे मिटून विसंबतो अशा एखाद्या माणसापाशी येऊन थांबते. प्रमाणपत्रांची साखळी अशीच. तलाठ्याच्या किल्लीवर परवानाधारक संस्थेची सही, संस्थेच्या किल्लीवर तिच्या वरच्या नियंत्रकाची सही. आणि नियंत्रकाच्या किल्लीवर? त्याची स्वतःचीच. त्याला मूळ प्रमाणपत्र म्हणतात. मूळ स्वतःच स्वतःला जामीन असते. त्याच्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे गणिताने ठरत नाही. ते आपल्याला, किंवा आपल्या वतीने दुसऱ्या कोणाला, ठरवावे लागते.

भारतात हे मूळ दिल्लीत आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी लागू झाला आणि त्याने डिजिटल सहीला हाताच्या सहीचा दर्जा दिला. प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थांना परवाने देणारा एक नियंत्रक नेमला. तो परवानाधारक संस्थांच्या किल्ल्यांवर सही करतो आणि त्या संस्था तुमच्या-माझ्या. पिवळ्या प्रश्नचिन्हाचे कोडे इथे सुटते. पीडीएफ उघडणाऱ्या परदेशी प्रोग्रॅममध्ये विश्वासू मुळांची एक यादी आधीच भरलेली असते, आणि बहुतेक वेळा तिच्यात आपल्या नियंत्रकाचे मूळ नसते. प्रोग्रॅम म्हणतो, सही ठीक दिसते, पण हिचे गोत्र मला ठाऊक नाही. सही खोटी आहे असे त्याचे म्हणणे नसते. कागद छापला की ती सही उरतच नाही, उरते ते तिचे चित्र, आणि चित्रात ते प्रश्नचिन्ह कायमचे गोठते. त्या बँकेतल्या अधिकाऱ्यापुढे आला तो हा निर्जीव झालेला कागद.

यावर सरकारी खात्यांनी सुचवलेला उपाय मला अधिक काळजीत टाकतो. संगणकावर प्रश्नचिन्हावर क्लिक करा, सहीचे गुणधर्म उघडा, ‘यावर विश्वास ठेवा’ असे दाबा, हिरवी खूण येईल. आधारच्या कागदासाठी हीच कृती सांगितली जाते. खऱ्या कागदावर ती बरोबरच आहे. पण कोणीही आपल्या घरच्या संगणकावर ‘तलाठी’ या नावाचे प्रमाणपत्र स्वतःच तयार करू शकतो, स्वतःच त्यावर सही करू शकतो, आणि त्याने खोटा सातबारा सजवू शकतो. त्यावरही तेच पिवळे प्रश्नचिन्ह येईल. आपण शिकवल्याप्रमाणे तेच तीन-चार वेळा दाबले, की त्यावरही तीच हिरवी खूण येईल! साखळी वरपर्यंत नियंत्रकाच्या मुळाशी पोचते का, हे पाहायला कोणी शिकवत नाही. आपण लोकांना तपासायला नव्हे, मान डोलवायला शिकवले.

गुप्त किल्लीची तर आणखी तऱ्हा. ती पेनड्राइव्हसारख्या एका छोट्या वस्तूत असते, लोक तिला डोंगल म्हणतात. कायद्याचे ४२ वे कलम सांगते की किल्ली आपल्याच ताब्यात राहील याची वाजवी काळजी मालकाने घ्यायची. प्रत्यक्षात? करसल्लागाराच्या खणात रबरबँड लावलेल्या डझनभर डोंगल्स कोणी पाहिल्या नाहीत? प्रत्येकीवर अशिलाच्या नावाची चिठ्ठी, चिठ्ठीवरच पिन. साहेबांची डोंगल ऑपरेटरकडे, साहेब दौऱ्यावर, सह्या चालू. निरक्षर माणसाच्या अंगठ्याचा ठसा घेऊन त्याची जमीन लाटल्याच्या गोष्टी ऐकत आपण मोठे झालो. त्या गोष्टींत निदान म्हाताऱ्याला अंगठ्यासकट कचेरीत आणावे तरी लागे. इथे सुशिक्षितांनी आपला अंगठाच काढून दुसऱ्याच्या खणात ठेवला आहे.

याहून वरच्या पातळीवर मूळच डळमळले तर काय होते, याचाही अनुभव आपण घेतला आहे. २ जुलै २०१४ रोजी गुगल कंपनीच्या लक्षात आले की तिच्या काही संकेतस्थळांच्या नावाने, तिने न मागितलेली प्रमाणपत्रे फिरत आहेत. ती दिली होती भारत सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, म्हणजे एनआयसीने. दुसऱ्याच दिवशी नियंत्रकांनी एनआयसीची संबंधित प्रमाणपत्रे रद्द केली. प्रमाणपत्र देण्याच्या प्रक्रियेतच कोणी शिरकाव केल्याचे, आणि चार खोटी प्रमाणपत्रे निघाल्याचे, त्यांनी कळवले. चारांबाहेरचीही आपल्याला आढळली आहेत, असे गुगलने म्हटले. मग गुगलने आपल्या ब्राउझरमध्ये भारताच्या मुळाला कुंपण घातले : गव्ह डॉट इन, एनआयसी डॉट इन अशा मोजक्या नावांपुरताच तुमचा शब्द चालेल, पुढे नाही. एका सार्वभौम देशाच्या शिक्क्याची हद्द कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीने आखून दिली. राग यावा अशीच गोष्ट आहे. पण त्या शिक्क्याने दुसऱ्याच्या नावाचे खोटे दाखले निघाले होते, हेही रागाच्या भरात विसरू नये. २०११ मध्ये नेदरलँड्समधल्या डिजिनोटार या संस्थेत चोर शिरले, तिच्या शिक्क्याने गुगलचे खोटे प्रमाणपत्र निघाले आणि इराणमधल्या लोकांच्या ईमेलवर पाळत ठेवायला वापरले गेले. ती संस्था त्याच वर्षी दिवाळखोरीत गेली. तेलगीचीच गोष्ट पुन्हा, यंत्र खरे, माल खोटा.

या फटक्यांतून जगाने जो उपाय काढला तो मला सगळ्यांत रोचक वाटतो, कारण तो आपल्या खेड्यात शंभर वर्षांहून जुना आहे. शिक्का आणखी अवघड करण्याच्या मागे न लागता त्यांनी चावडी बांधली. प्रत्येक प्रमाणपत्र निघाले की ते एका उघड्या नोंदवहीत लिहिलेच पाहिजे. वही अशी की मागचे पान फाडता येत नाही, आणि जगातला कोणीही ती वाचू शकतो. २०१८ पासून गुगलचा ब्राउझर अशा नोंदीशिवाय निघालेले नवे प्रमाणपत्र मानत नाही. माझ्या नावाने कोणी दाखला काढला तर मला ते दिसते आणि मी ओरडू शकतो. आता आपला जमीन महसुलाचा कायदा पाहा. जमिनीच्या नोंदीत फेरफार व्हायचा असेल तर त्याची नोटीस चावडीवर लावायची, संबंधितांना द्यायची, आणि पंधरा दिवस हरकतींची वाट पाहायची. त्याशिवाय नोंद मंजूर करायची नाही. ही नोटीस वाचायला संगणक लागत नव्हता, डोळे आणि थोडी भांडखोर वृत्ती एवढे पुरे होते. महाराष्ट्र शासनाने हीच सोय ‘आपली चावडी’ या नावाने इंटरनेटवरही केली आहे. जिल्हा, तालुका, गाव निवडले की चालू फेरफारांच्या नोटिसा दिसतात. पालेगावातली जुनी कुटुंबे भाऊबंदकीच्या धाकाने ती अधूनमधून बघतात. आम्ही नव्याने आलेली इमारतीतली माणसे मात्र मराठी मालिका बघतो.

मूळ मुद्दा इथे येतो. डिजिटल सही सांगते, कोण बोलले आणि तो काय बोलला. तो खरे बोलला की नाही, हे ती सांगत नाही, सांगूच शकत नाही. ब्राउझरच्या पट्टीवरचे कुलूप हे याचे रोजचे उदाहरण. वर्षानुवर्षे आपल्याला सांगितले गेले, कुलूप दिसले की निर्धास्त व्हा. ‘आज रात्री वीज कापली जाईल’ असा निरोप पाठवणाऱ्या भामट्याच्या संकेतस्थळालाही कुलूप मिळते, आणि आता तर ते फुकट मिळते. कुलपाचा अर्थ एवढाच, की तुमचे आणि त्या भामट्याचे संभाषण मध्ये तिसरा कोणी ऐकत नाही. लोकांचा गैरसमज इतका पक्का होता की २०२३ मध्ये गुगलने आपल्या ब्राउझरमधून ते चिन्हच काढून टाकले. रिझर्व्ह बँकेने त्यापेक्षा शहाणपणाचे केले. बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपले पत्ते ‘डॉट बँक डॉट इन’ या शेपटाचे करावेत असा हुकूम काढला, आणि ते शेपूट बँकांखेरीज कोणाला मिळत नाही. आईला कुलूप समजावण्यापेक्षा पत्त्याचे शेपूट समजावणे सोपे जाते, हे मी करून पाहिले आहे.

सातबाऱ्याचेही तेच. १५ रुपये भरले की डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या निघतो, त्यावर सोळा अंकी क्रमांक असतो. तो क्रमांक महाभूमीच्या संकेतस्थळावर टाकला की सरकारकडची मूळ प्रत समोर येते. कागद मोबाईलवर आलेला असो, छापलेला असो, चुरगळलेला असो. तपासायचा तो क्रमांक. पिवळ्या प्रश्नचिन्हाशी हुज्जत घालत बसण्याची गरजच नाही. डिसेंबर २०२५ मध्ये महसूल विभागाने पुन्हा बजावले की असा उतारा सर्व कामांना चालेल, वेगळा सही-शिक्का मागू नये. (तलाठ्यांचे नावही मधल्या काळात ‘ग्राम महसूल अधिकारी’ झाले, लोक अजून तलाठीच म्हणतात आणि शिक्का त्यांच्याकडेच मागतात.) पण हा अस्सल उतारासुद्धा मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. महसूल कायद्याचे १५७ वे कलम म्हणते, उलट सिद्ध होईपर्यंत नोंद खरी मानावी. म्हणजे ती खोटी निघू शकते हे कायद्यानेच धरून ठेवले आहे. सही अस्सल, कागद अस्सल, नोंद चुकीची, असे होऊ शकते.

हे हवेतले बोलणे नाही, हे सांगायला अंबरनाथहून दोन-तीन स्टेशने पुढे जाणे पुरे. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींच्या बांधकामाला महापालिकेची परवानगी नव्हतीच. परवानगीचे कागद बनावट करून महारेराकडे दिले गेले आणि त्या जोरावर प्रकल्पांची रीतसर नोंदणी झाली. एका वास्तुविशारदाने हे खणून काढले आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात नेले. तोपर्यंत घरे विकली गेली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने या बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश दिला तेव्हा त्यांत हजारो कुटुंबे राहत होती, हप्ते भरत होती, दिवाळीचे कंदील अजून उतरवायचे होते. पुढे रहिवासी न्यायालयांत धावले, मोर्चे निघाले. या लोकांनी काय करायचे बाकी ठेवले होते? सरकारी संकेतस्थळ उघडले, नोंदणीचा क्रमांक टाकला, प्रकल्प तेथे होता. संकेतस्थळ खरे होते, त्याचे प्रमाणपत्र खरे होते, नोंदही सरकारनेच केलेली होती. साखळीतला प्रत्येक दुवा तपासला तरी पक्काच निघाला असता, फक्त अगदी पहिल्या जागी एक खोटा कागद कोणीतरी स्कॅन करून चढवला होता आणि तो ज्याच्या नावाचा होता त्या महापालिकेला कोणी विचारले नव्हते.

एक खाते दुसऱ्या खात्याला विचारत नाही, त्यांच्यामध्ये निरोप्या म्हणून बिल्डर उभा असतो. महापालिका परवानगी देते बिल्डरच्या हातात, बिल्डर ती नेऊन देतो महारेराच्या हातात. नवरदेवाविषयीची चौकशी नवरदेवाकडेच करण्याचा हा प्रकार. या घोटाळ्यानंतर, २०२३ पासून, परवानगीची खात्री संबंधित पालिकेकडून ईमेलने झाल्याखेरीज नोंदणी करायची नाही असे महारेराने ठरवले. ठीकच झाले, पण ईमेलवर कामाचा भार टाकून थांबता येणार नाही. पालिकेच्या नगररचना अधिकाऱ्याने डिजिटल सही केलेली परवानगी तिच्या संगणकातून थेट महारेराच्या संगणकात गेली पाहिजे, बिल्डरच्या मोबाईलला वळसा घालून. आणि त्याच क्षणी ती एका जाहीर वहीत चढली पाहिजे : कोणत्या भूखंडावर, किती मजल्यांची, कोणत्या तारखेला, कोणाच्या सहीने. पाने फाडता न येणारी, तारीख मागे सरकवता न येणारी, आणि अंबरनाथच्या रिक्षावाल्यालाही फोनवर वाचता येणारी वही. यात नवे तंत्र काही नाही. संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांसाठी ते जगभर रोज चालते. आपल्याकडे घरासाठी ते अवघड का वाटावे, याचे कारण तंत्रात शोधू नये.

देशी ब्राउझर आणि देशी मूळ यांविषयी सध्या बराच उत्साह आहे. त्यासाठी केंद्र सरकारने २०२३ मध्ये स्पर्धा जाहीर केली, २०२५ मध्ये झोहो या कंपनीला पहिले पारितोषिक मिळाले. आपल्या देशाचा शिक्का आपल्या यंत्रांत असावा, यात गैर काहीच नाही; पिवळे प्रश्नचिन्ह तरी जाईल. पण माझी भीती अशी, की प्रश्नचिन्ह गेले म्हणजे प्रश्न गेला असे आपण समजू. हिरवी खूण आलेल्या कागदाकडे बँकेतला अधिकारी मग वर मान करूनही पाहणार नाही. २०१४ साली एनआयसीत जे घडले ते परदेशी माणसांच्या लक्षात आले, आपल्या नाही. ज्या उत्साहाने शिक्का घडवायचा त्याच उत्साहाने त्याच्यावर नजर ठेवणारी माणसे, हिशेब तपासनीस आणि उघड्या वह्या घडवल्या जाणार असतील तर त्या देशी मुळाला माझे पहिले मत.

तोवर पालेगावात नमुना फ्लॅट पाहायला येणाऱ्यांनी एवढे करावे. व्हॉट्सअॅपवर आलेले पीडीएफ पाहावेत, पण त्यांना पुरावा मानू नये. त्यांच्यावरचे क्रमांक वहीत उतरवून घ्यावेत. सातबाऱ्याचा सोळा अंकी क्रमांक महाभूमीवर टाकावा, गट क्रमांक घेऊन ‘आपली चावडी’ उघडावी, आणि परवानगीच्या पत्राचा जावक क्रमांक व तारीख घेऊन कामाच्या दिवशी ती परवानगी देणाऱ्या कार्यालयाच्या नगररचना विभागात स्वतः जावे. हे पत्र तुमच्याकडूनच गेले आहे का, एवढेच विचारायचे. अर्धा दिवस मोडेल. टेबलामागचा माणूस कुरकुरेल, माहितीच्या अधिकारात अर्ज करा म्हणेल. तर तो करावा, शुल्क १० रुपये आहे. विक्री कार्यालयातल्या मुलालाही हे आधी सांगून ठेवायला हरकत नाही, की मी मंगळवारी पालिकेत जाऊन येणार आहे आणि बुकिंगचा चेक बुधवारी देईन. ऐकून तो काय म्हणतो, ते नीट ऐकावे.